एकशे दहा दिवसांचा सल्ला

हवामानबदल आणि आदिवासी शेतकरी यावर लिहा, पण तांत्रिक नको, असं संपादकांनी फोनवर दोनदा बजावलं. मी भातावर काम करणारा माणूस. त्यातलं तांत्रिक काढलं तर माझ्याकडे पेंढाच उरतो. तरी बघतो.

गोष्ट जव्हारकडची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि होळी झाली की पाण्यासाठी हंड्यांची रांग. उतारावर वरकस जमीन, तिच्यात नाचणी-वरई. खाली ओढ्याच्या अंगाला दोन-चार भातखाचरं. पिकतं ते बाजारात जात नाही, कणगीत जातं.

२०१८ साली सप्टेंबरच्या मध्यानंतर पावसाने पाठ फिरवली. माझं जाणं-येणं असलेल्या एका पाड्यावर एका मावशींचं उशिरा पिकणारं गरवं भात ऐन दाणा भरताना करपलं. लोंबी चोळली तर हातात फोलपटं. मी तिथेच बांधावर उभा राहून सांगितलं: पुढच्या वर्षी सगळं हळवं लावा, एकशे दहा दिवसांत घरात येतं. बियाणंही मीच नेऊन दिलं.

२०१९ मध्ये पाऊस जून सरता सरता आला. राब उशिरा पेरला, भात ऑक्टोबरच्या मध्यावर पिकलं. खाचरात पाणी होतं म्हणून कापणी आठवडाभर लांबली. कापलेली कडपं वाळत पडलेली असताना अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं. ती दिवाळी पावसातच गेली. भाऊबीज झाल्यावर मी पाड्यावर गेलो. मावशींनी एक कडप उचलून दाखवलं. खालच्या बाजूला दाण्यांना मोड आले होते आणि पांढरी मुळं एकमेकांत गुंतून पार चटई झाली होती. “लवकर येतं खरं तुमचं भात, सायेब,” त्या म्हणाल्या, “लगेच परत उगवलंपण.” हा टोमणा होता की नुसती माहिती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तांत्रिक. हळवं, निमगरवं, गरवं ही कोकणातली वाटणी नुसती दिवसांची आहे असं लोक समजतात. कृषी पदवीधरही. जुनी गरवी वाणं दिवस मोजतच नाहीत, रात्र मोजतात. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, सप्टेंबरअखेर तो बारावर येतो. रात्र पुरेशी लांबली की ही वाणं पोटरीत येतात. तुम्ही १० जूनला पेरा नाहीतर ३० जूनला, फुलोरा जवळपास त्याच सुमारास. म्हणजे पाऊस उशिरा आला तरी कापणीची वेळ फारशी हलत नाही. सुधारित हळव्या वाणांतला हा गुण पैदासकारांनी मुद्दाम काढून टाकला, कारण कुठेही, कोणत्याही हंगामात चालणारं भात हवं होतं. ते वाण पेरल्यापासून दिवस मोजतं. बाहेर पाऊस आहे की ऊन, त्याला घेणं नाही. शिवाय पिकल्या दाण्याला काही दिवस झोप लागते, पाणी मिळालं तरी तो उगवत नाही. कमी दिवसांच्या बऱ्याच वाणांत ही झोप जेमतेम असते. म्हणून ती चटई.

आमच्या बैठकांत मी हे गेली कित्येक वर्षं मांडतो आहे. समोरचे सहकारी घड्याळ बघतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: हंगाम आखडतोय, वाण आखूड करा. पण हंगाम आखडतोय की सरकतोय? हवामान खात्याने २०२० मध्ये सरासरी तारखा नव्याने लावल्या. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची तारीख १० जूनवरून ११ जूनवर गेली, एका दिवसाचा फरक. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. १० जूनला पेरलेलं एकशे दहा दिवसांचं भात २८ सप्टेंबरला पिकतं. हिशेब तुम्हीच करा.

मग जुनं तेच सोनं का? तेही नाही. २०१८ चं करपलेलं गरवं मी याच डोळ्यांनी पाहिलंय. अकोले तालुक्यातल्या, गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाल्यापासून शहरातले लोक मला गावठी बियाण्याच्या चमत्काराबद्दल विचारतात, आणि कुठल्याशा संस्थेच्या कार्यालयात मांडलेल्या काचेच्या बरण्यांचे फोटो दाखवतात. आमच्या दमट हवेत भाताचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं. ते दरवर्षी कुणाच्या तरी खाचरात गेलं पाहिजे. राहीबाई नेमकं तेच करतात. फोटोत बरणी येते, चिखल येत नाही.

पूर्वी त्या पाड्यावर एकाच घरात तिन्ही असायची. वरच्या कोरड्या खाचरात हळवं, मध्ये निमगरवं, ओढ्याजवळ गरवं. एक बुडालं तर दुसरं हाताशी. ही विभागणी मी एका वर्षाच्या अनुभवावरून मोडली. सगळा दोष स्वतःकडे घ्यायलाही मी तयार नाही, कारण मावशींच्या मुलाला हळवंच हवं होतं. दिवाळी झाली की तो बायकोमुलांसह भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातो. उचल आधीच घेतलेली असते. नोव्हेंबरात पिकणारं गरवं कापायला घरात कोण असतं? ‘अनुकूलन’ या विषयावरच्या एकाही अहवालात मला वीटभट्टी सापडलेली नाही.

गेल्या मे महिन्यात मावशींनी निरोप धाडला: ओढ्याजवळच्या खाचरापुरतं गरव्याचं बी बघा. त्यांच्या घरातलं कधीच संपलं होतं. दोन पाडे पलीकडे, त्यांच्याच भाचीच्या कणगीत थोडं निघालं, किती जुनं ते तिलाही सांगता येईना. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठव्या दिवशी उलगडून आम्ही दोघांनी मोजले. साठाच्या आतबाहेर उगवले होते. “दाट पेरा,” मी म्हटलं. मावशींनी मोड आलेले दाणेही पदरात बांधून घेतले.