नातवाचा मासा

आमच्या घराण्यांत आजवर कोणीं मासा धरला नाहीं आणि पुढेंही कोणी धरील असें वाटत नाहीं. तेव्हां मासेमारीच्या एका यंत्राविषयीं आम्हीं लिहावें, हें पाहून पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या भुंवया वर चढतील. परंतु गोष्ट आमच्यावर ओढवली ती नातवापायीं. आणि नातवापायीं आजोबांवर काय काय ओढवतें, हें वाचकांस सांगावयास नकोच.

गतवर्षीं श्रावणांत आम्ही उभयतां अमेरिकेंत ऑरेगॉन राज्यांत चिरंजीवांकडे होतों. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं आमच्या दहा वर्षांच्या नातवाला कोलंबिया नदीच्या मुखाशीं सॅमन मासा धरावयास येण्याचें आमंत्रण दिलें. चिरंजीव संगणकांत तोंड घालून बसले, सूनबाई स्वयंपाकघरांत गेल्या, आणि सौभाग्यवती म्हणाल्या, "श्रावणांत जीवहत्या? मी असेपर्यंत नाहीं!" पोराचे डोळे भरून आले. शेवटीं तोड निघाली ती अशी : आम्हीं त्याच्याबरोबर जावें, आणि धरलेल्या माशानें या घराचा उंबरठा ओलांडूं नये.

पहांटे ॲस्टोरिया गांवाहून नाव निघाली. तेथें नदीचें पात्र कांहीं मैल रुंद आहे. खाडीच म्हणा ना! नावेच्या कडेला एक लहानसा रहाट, त्यावर बारीक पोलादी तार आणि तारेच्या टोकाला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या तारेला चिमट्यानें अडकवावयाची आणि गोळा हव्या त्या खोलीपर्यंत सोडावयाचा. माशानें गळ ओढला कीं चिमटा सुटतो, वांकलेली काठी ताठ होते, आणि मग मनुष्य व मासा यांच्यामध्यें तें ओझें राहत नाहीं. यालाच डाउनरिगर म्हणतात. सरोवरांत व समुद्रांत तो फार चालतो. नदींत मात्र जपून, कारण खडकाळ तळाशीं गोळा अडकतो आणि ओढीच्या जोरानें तार मागें तिरपी होते. "रहाटावरचा आंकडा पस्तीस फूट सांगेल, पण गोळा तितका खोल नसतो," असें शेजारी म्हणाले. मनुष्याच्या व्रतांचेंही पुष्कळदां असेंच असतें, हें आम्हांस थोड्याच वेळांत कळावयाचें होतें.

चिमटा सुटला! पोरानें दांतओठ खाऊन रीळ फिरविलें. रुपेरी कोहो जातीचा मासा नावेशीं आला. शेजाऱ्यांनीं जाळें पुढें केलें आणि पुन्हां मागें घेतलें. या माशाच्या पाठीवर शेपटीजवळ एक लहानसा मांसल पर असतो. उबवणी केंद्रांत वाढविलेल्या पिलांचा तो कापून त्यांना सोडतात, म्हणजे ओळख पटते. या माशाचा पर शाबूत होता. तो नदीनेंच वाढविलेला. नियमाप्रमाणें त्याला सोडणें भाग होतें. पाण्यांतच गळ काढला. मासा क्षणभर थांबला आणि दिसेनासा झाला.

आम्हांस केवढें हायसें वाटलें! मग लाजही वाटली. पर कापलेला असता तर? उंबरठ्याबाहेर मारलेल्या जिवाचें पाप उंबरठ्याबाहेरच राहतें, अशी सोईची समजूत आम्हींच करून घेतली होती. त्या माशाला वांचविलें त्याच्या परानें आणि कायद्यानें. आमच्या पदरीं त्याचें पुण्य मुळींच नाहीं.

पोरगा रडला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "आजोबा, तो घरीं पोंचेल ना?"

काय सांगावें? सॅमन ज्या ओढ्यांत जन्मतो तेथेंच समुद्रांतून परत येतो. वासावरून वाट ओळखतो. गोड्या पाण्यांत शिरल्यावर कोहो अन्न घेणें सोडतो, अंडीं घालण्याचें कार्य उरकतो आणि तेथेंच देह ठेवतो. वाटेंत धरणें आहेत. १९४२ सालीं पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणांत माशांकरितां वाटच ठेवली नाहीं. समुद्रापासून सुमारें १४५ मैलांवरील बॉनव्हिल धरणाला मात्र, तें १९३८ सालीं पूर्ण झालें तेव्हांपासून, माशांसाठीं पाण्याच्या पायऱ्या आहेत.

पुढल्या रविवारीं सर्व मंडळी बॉनव्हिलला गेलों. कांचेपलीकडे मासे प्रवाहाशीं झुंजत एकामागून एक वर जात होते. नातू आपला मासा शोधीत होता. तासाभरानें आम्हीं म्हटलें, "चला, उशीर झाला." तेव्हां कांचेला नाक लावून उभ्या असलेल्या सौभाग्यवती मागें न पाहतांच म्हणाल्या, "थांबा हो जरा! एक बिचारा अजून मागेंच राहिला आहे."