गुरुजनांची दुसरी पाळी

मोठ्या शाळेतील शिक्षक विद्यार्थ्यांना बहुधा विषयाच्या नावानेच ठाऊक असतात. तासाची घंटा होते, एक विषय वर्गातून जातो, दुसरा येतो, आणि त्या विषयामागे एक मनुष्य उभा आहे, त्यालाही घरभाडे, आजारपण, धाकट्या भावाचे शिक्षण आणि गावाकडून येणारी पत्रे आहेत, याचा पत्ता बहुतेकांना शाळा सुटेपर्यंत लागत नाही. मला तो लागला, याचे श्रेय मी जिथे शिकलो त्या शाळेच्या लहान आकाराला आणि तिच्या वेळेला आहे. लालबागच्या परिसरातील ती एक रात्रशाळा होती. स्वतःची इमारत तिला नव्हती. दिवसा महापालिकेच्या ज्या शाळेत पहिली ते चौथीची मुले बसत, तिच्याच वरच्या मजल्यावरील चार खोल्या संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ आमच्या स्वाधीन होत, आणि आठवी ते अकरावी असे चार वर्ग, मोजके शिक्षक, एक मुख्याध्यापक व एक शिपाई एवढाच तिचा सारा संसार होता.

१९६४ च्या जून महिन्यात मी तिथे आठवीत नाव दाखल केले, तेव्हा मी एका कापडगिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार होतो. वर्गात माझ्यासारखे कोकणातून आलेले आणि गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाकणारे अनेक होते. शिवाय हॉटेलातले पोरगे, कचेऱ्यांतले पट्टेवाले, छापखान्यात खिळे जुळवणारे उमेदवार, आणि दोन मुलींचे बाप असलेले एक पोस्टमन. सात वर्षांच्या बालकांसाठी केलेल्या त्या बाकांवर ही मोठी माणसे गुडघे छातीशी घेऊन बसत. शिक्षकही तसेच, दिवसभराचे काम उरकून येत. गणिताचे सर दिवसा दादरच्या एका शाळेत शिकवीत. मराठीच्या बाई मुलींच्या शाळेत होत्या. इंग्रजीचे सर पोर्ट ट्रस्टच्या दफ्तरात कारकून होते. दादरची ट्राम त्याच वर्षी ३१ मार्चला कायमची थांबली होती, त्यामुळे गणिताचे सर बसने येत आणि बहुधा धावतपळतच जिना चढत. त्यांच्या बाहीवर दिवसाच्या शाळेतील खडूची पूड असे आणि आमच्या केसांत कापसाचे तंतू. दोन्ही पक्ष एक पाळी संपवून दुसरीवर रुजू होत आहेत, ही जाणीव कुणी बोलून दाखवीत नसे. पण त्या शाळेतील प्रत्येक शब्दाला तिची पार्श्वभूमी असे, आणि आमच्या पुढच्या साऱ्या परिचयाचा पाया तोच होता, असे मला आज वाटते.

मुख्याध्यापकांचा एक रिवाज होता. ते शाळेतील प्रत्येकाला, अगदी सोळा वर्षांच्या हॉटेलातल्या पोरालासुद्धा, 'तुम्ही' म्हणत. ज्याला दिवसभर 'ए पोऱ्या' याखेरीज दुसरे संबोधन मिळत नसे, तो मुलगा त्यांच्यासमोर उभा राहताना प्रथम मागे वळून पाही, की हे कुणाला उद्देशून बोलत आहेत. त्यांच्या टेबलावर कोऱ्या कागदांची एक चळत असे व तिच्यातील बराच भाग आमच्यासाठी खर्ची पडे. कारण गिरणीत पाळी बदलली की विद्यार्थ्याची शाळा बुडे, आणि मग मुख्याध्यापक त्या त्या खात्याच्या अधिकाऱ्याला स्वहस्ते विनंतीपत्र लिहीत, की हा इसम आमच्या शाळेत नियमितपणे शिकत असून वार्षिक परीक्षेपर्यंत त्यास सकाळची पाळी देण्याची मेहेरबानी व्हावी. कधी ती विनंती मान्य होई, कधी होत नसे. न झाल्यास ते पुन्हा लिहीत.

गणिताच्या सरांचा विशेष असा, की त्यांना आमच्या कामाविषयी खरे कुतूहल होते. प्रमाणाचे प्रकरण शिकवताना एकदा त्यांनी वर्गाला व्यवहारातले एखादे उदाहरण विचारले, तेव्हा सूतखात्यात काम करणारा माझा शेजारी उभा राहून म्हणाला, की आमच्याकडे सुताला नंबर असतो आणि नंबर वाढला की सूत बारीक होते. सरांनी खडू खाली ठेवला. नंबर म्हणजे काय, तो कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, असे एकेक विचारीत त्यांनी त्याच्याकडून सारे काढून घेतले: ८४० वारांची एक लडी, आणि एक पौंड वजनात अशा जितक्या लड्या भरतील तितका त्या सुताचा नंबर. देशात दशमान पद्धती येऊन काही वर्षे लोटली होती, तरी गिरणीतील सूत अद्याप वार आणि पौंड यांतच मोजले जाई. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उदाहरण तयार होते: २० नंबरच्या एक पौंड सुताची लांबी १६,८०० वार, तर त्याच वजनाच्या ४० नंबरच्या सुताची किती, आणि तेवढ्याच लांबीचे सूत घेतल्यास त्याचे वजन किती? समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण यांतील भेद त्या दिवशी आम्हाला जो उमगला, तो आमच्या बोटांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीला मिळालेला आकडा होता. पुढे महागाईभत्त्यावरून टक्केवारी आली, भविष्यनिर्वाह निधीच्या पावतीवरून व्याज आले. सर आम्हाला शिकवीत होते त्याच वेळी आमच्याकडून शिकतही होते, आणि आपण शिकत आहोत हे लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. शिक्षकाच्या ठायी यापेक्षा मोठा गुण मी अद्याप पाहिलेला नाही.

इंग्रजीच्या सरांचे नाते आणखी वेगळ्या मार्गाने जुळले. गिरणीत कुणावर ठपका आला की त्याच्या हाती जो कागद पडे तो बहुधा इंग्रजीत असे, आणि तो कागद खिशात घालून माणूस संध्याकाळी शाळेत येई. सर तासानंतर थांबत; चार्जशीट वाचून तिचा अर्थ सांगत, आणि उत्तर कसे लिहावे, कोणत्या तारखेच्या आत द्यावे, पोच कशी घ्यावी, हे त्याच्याच वहीत त्याच्याच हाताने लिहवून घेत. क्रमिक पुस्तकातील इंग्रजी मी पुष्कळसे विसरलो. अर्जाचा मसुदा मात्र विसरलो नाही, आणि पुढे माझे पोट त्यावरच चालले.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध जुंपले आणि मुंबईत रात्रीचे ब्लॅकआउट सुरू झाले. खिडक्यांना काळा कागद लावून एकदोन वर्ग कसेबसे चालत, परंतु भोंगा वाजला की उरलासुरला दिवाही मालवावा लागे. अशा एका अंधारात गणिताच्या सरांनी सहज विचारले, की पावकी-निमकी कुणाकुणाला येते? गावच्या शाळेत मार खाऊन पाठ केलेले ते पाढे आम्हा बहुतेकांना येत होते. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असा तो ओघ चालू झाला, आणि सरही आमच्यात आपला आवाज मिळवून म्हणू लागले. आणि फळ्यासमोर एरवी शुद्ध पुस्तकी भाषा बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या पाढ्याला जो हेल होता, तो ऐकताच माझ्या शेजारच्याने माझा हात दाबला. तो हेल आमच्याच तळकोकणातला होता. भोंगा संपून दिवा लागल्यावर ज्या नजरेने आम्ही त्यांच्याकडे पाहिले तिचा अर्थ त्यांना कळला असावा. ते हसले, आणि आपल्या गावाचे नाव त्यांनी स्वतःहून सांगितले.

१९६८ च्या मार्चमध्ये मी एस.एस.सी. झालो, गिरणी सोडली, आणि काही काळ उमेदवारी केल्यावर शिक्षणखात्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. तेथे खाजगी शाळांतील शिक्षकांच्या वेतननिश्चितीची आणि पुढे निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्या टेबलावर येत व त्यांसोबत सेवापुस्तके येत. सेवापुस्तक हा एक रुक्ष दस्तऐवज समजला जातो. परंतु ज्याला वाचण्याची सवय लागली त्याला त्यात मनुष्याचे आयुष्य दिसते. जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, पदवी कोणत्या वर्षी व कशी मिळवली, रजा कोणत्या कारणास्तव घेतली, वेतनवाढ कधी रोखली आणि कधी मोकळी केली. एके दिवशी त्या गठ्ठ्यात गणिताच्या सरांचे पुस्तक निघाले. त्यांची मॅट्रिक रात्रशाळेतून झाली होती, आणि पदवी त्यांनी नोकरी करता करता बहिःस्थ विद्यार्थी म्हणून तिशी उलटल्यावर घेतली होती. आम्हाला त्यांनी हे कधीच सांगितले नव्हते. सांगितले असते तर तो उपदेश झाला असता, असे त्यांना वाटले असावे. आमच्या शाळेतील त्यांच्या दीर्घ सेवेविषयी त्या पुस्तकात एकच ओळ होती, ती म्हणजे 'रात्रशाळेत अर्धवेळ काम करण्यास अनुमती', खाली तारीख आणि सही. त्या ओळीपलीकडे त्या रात्रींचा मागमूस नव्हता. मराठीच्या बाईंच्या पुस्तकात विनावेतन रजेची एक लांबलचक नोंद आढळली, आणि ते वर्ष पाहताच मला आठवले, की त्याच वर्षी त्या आमच्या वर्गावर एकही दिवस गैरहजर नव्हत्या. दिवसाची शाळा सुटली होती, रात्रीची त्यांनी सोडली नव्हती. कारण काय होते ते मी इथे लिहिणार नाही. सरकारी कागदातून कळलेली गोष्ट बाहेर बोलायची नसते, हा शिरस्ता मी आयुष्यभर पाळला.

या सुमारास माझ्या वाचनात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन आले. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली होती, हे मी ऐकून होतो. परंतु प्राथमिक शिक्षक कसा असावा याविषयी त्या निवेदनात जे मांडले आहे ते वाचून मी थांबलो. तो शक्यतो शेतकरीवर्गातून यावा, लोकांत मोकळेपणी मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा असावा, प्रसंगी नांगर वा सुताराची हत्यारे हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, आणि त्याचा मासिक पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकाची लोकांशी असलेली ओळख आणि शिक्षकाचा पगार या दोन गोष्टींचा विचार जोतीरावांनी एकाच ठिकाणी केला, हे मला फार मोलाचे वाटते. कारण माझ्या टेबलावर या दोहोंपैकी एकाच गोष्टीला रकाना होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात ओढले गेले, भोंगे थांबले, आणि आमच्या शाळेच्या पटावरील नावे एकेक करून गळू लागली, कारण खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे थकल्यावर माणसे गावची वाट धरीत होती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले आमचे गणिताचे सर त्या काळात चाळी धुंडाळीत हिंडत. कोण गावी गेला, कोण इथेच हमाली करतो आहे, कुणाचा परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, हे विचारीत. कचेरी सुटल्यावर मी त्यांच्यासोबत काही वेळा गेलो. चाळीत ते दाराशी उभे राहिले, की आतला माणूस आधी संकोचाने उठे, आणि मग दोघेही गावाकडच्या पावसाविषयी बोलू लागत. परीक्षेचा विषय शेवटी निघे.

रात्रशाळांचे शिक्षक पुढेही अनेक वर्षे असे दोन शाळांत विभागलेले राहिले. २०१७ च्या मे महिन्यात शासनाने निर्णय काढून, दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीत शिकवणाऱ्यांची रात्रीची सेवा संपुष्टात आणली. एका व्यक्तीस दोन वेतने का द्यावीत आणि इतर शाळांत अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना काम कुठे द्यावे, हे प्रश्न त्यामागे होते, आणि कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला ते खोटे वाटत नाहीत. रात्रशाळेला स्वतःचा, पूर्ण वेळचा शिक्षक मिळावा, ही मागणी आम्हीही करीत आलो होतो. तरीही दिवसाच्या श्रमानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दिवसाच्या श्रमानंतरच येणारा शिक्षक उभा असे, त्यातून जो एक समभाव आपोआप निर्माण होई, त्याची भरपाई कोणत्या तरतुदीने करावी, हे त्या निर्णयात कुणाला लिहिता आले नसते.

अलीकडे मी त्या शाळेत गेलो होतो. आता तेथे मुलीही पुष्कळ आहेत. गणिताला एक तरुण बाई आहेत, दुसऱ्या शाळेतून अतिरिक्त ठरून आलेल्या. त्यांच्या हजेरीपत्रकाच्या शेवटच्या मोकळ्या रकान्यात पेन्सिलीने बारीक नोंदी होत्या: 'घरकाम, चार घरे', 'सिक्युरिटी, रात्रपाळी', 'पार्सल पोचवणे', 'भाजीची गाडी'. हे कशासाठी, म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, "काका, सिक्युरिटीवाल्याला दहाला ड्यूटीवर हजर व्हावं लागतं, त्याची चाचणी मी पहिल्या तासाला घेते. आणि चार घरं करून आलेल्या मुलीला लगेच फळ्यापाशी उभं करत नाही." मग मी त्यांना त्यांच्या आधीच्या शाळेविषयी विचारले, आणि वर्ग भरायला अजून अवकाश होता म्हणून त्यांनी खुर्ची ओढून घेतली व सांगायला सुरुवात केली.