विचारून वाढलेलं जेवण



आजारी आणि एकट्या माणसांच्या घरी भेटीला जाणं, महिन्याकाठी चार जिन्नस नेऊन देणं, हे काम आम्ही दोघं नवरा-बायको काही वर्षांपासून धर्मग्रामासाठी करतो. इथं बहुतेक वेळा त्या भेटींविषयीच लिहितो. आज मात्र एका मांजरीविषयी लिहीत आहोत. हसू नका. भेटीला जाऊन आम्हांला जे कळलं नव्हतं, ते या मांजरीच्या पोटाने शिकवलं.

आमच्या इब्रामपूरला वाड्यावर एक आजी एकटीच राहते. मुलगा परदेशी, घरात ती आणि तिची चिंगी. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी जळाऊ लाकडं आत घेताना आजी पडली आणि मांडीचं हाड मोडलं. १०८ ची गाडी आली, तिला बांबोळीला गोमेकॉत न्यायचं ठरलं. गाडीत चढवताना तिने घराच्या चाव्या दिल्या नाहीत, पैशांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "माज्या चिंगीक बगा."

आम्ही म्हटलं, "आजी, काळजी करू नको." मांजर सांभाळायला असं काय लागतं!

चिंगी आमच्या पडवीत आली आणि पाठोपाठ १ जून उजाडला. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरची मासेमारी बंद असते. दारावर येणारी मासेवाली येईनाशी झाली. मग पावसाळ्याची बेगमी बाहेर निघाली: खारे बांगडे, सुकट, सुकी सुंगटं. आम्ही जेवलो की डोकी-शेपट्या चिंगीला. शेजारची काकी सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणून ठेवायची. आजीच्या दारातही ती वर्षानुवर्षं ठेवत आली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात चिंगी गेली की दुकानदार ग्लुकोजचं बिस्कीट मोडून टाकायचा. आईवाचून राहिलेल्या पोराचे व्हावेत तसे तिचे लाड चालले होते.

आठ दिवसांत तिचं पोट बिघडलं. पडवीच्या कोपऱ्यात पातळ घाण, मधूनच ओकारी. आम्हांला वाटलं, अन्न हलकं पडलं. म्हापशाला बाजाराला गेलो तेव्हा मांजराच्या खाण्याचं एक महागडं पाकीट आणलं आणि त्याच संध्याकाळी बाकीचं सगळं बंद करून तेच वाढलं. पोट जास्तच ढळलं. मग दुसरं पाकीट. मग तिसरं. तिसऱ्याला तिने तोंडच लावलं नाही. दोन दिवस ती पिंपाखाली बसून राहिली. हात लावला तर पाठीचा कणा बोटांना लागायचा.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दर आठवड्याला आम्ही गोमेकॉत जात होतो, आणि आजी दर वेळी विचारायची, "चिंगी कशी असा?" आम्ही म्हणायचो, "बरी आहे." आजारी माणसाला कशाला घोर लावा, असं आम्ही स्वतःला समजावलं होतं. खरं तर आम्हांला लाज वाटत होती.

सकाळी पावसातच तिला टोपलीत घालून म्हापशाला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "किती दिवस खाल्लं नाही?" दोन दिवस म्हटल्यावर त्या गंभीर झाल्या. माणूस दोन दिवस उपास करू शकतो, मांजराचं तसं नसतं. मांजर दोन-तीन दिवस खाईनासं झालं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच बंद पडण्याची भीती असते. त्यांनी सलाईन लावलं, शेणाचा नमुना तपासला. जंत नव्हते. "घरातलं काही औषध दिलंत का?" असंही विचारलं. एका नातेवाइकाने तापाची अर्धी गोळी द्यायला सुचवलं होतं, ती आम्ही दिली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "देवाची कृपा. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे."

मग त्यांनी महिनाभरात काय काय घातलं ते सगळं सांगायला लावलं. आम्ही सांगत गेलो आणि आमचं आम्हांलाच कळत गेलं.

दूध: पिल्लाला आईचं दूध पचतं. अंगावरचं सुटलं की दुधातली साखर पचवणारा पाचक रस पोटात कमी कमी होत जातो. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध आवडतं, पण सोसत नाही. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि पोट सुटतं. खारे बांगडे: त्यातलं मीठ एवढ्याशा जिवाला फार. आमटीतले कांदा-लसूण तर मांजराच्या रक्ताला अपाय करतात. कच्ची मासळीही बरी नव्हे. काही माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा पदार्थ असतो, तो उकडल्यावरच निकामी होतो. बिस्कीट: मांजर मुळात मांसाहारी, त्याला त्यातून काही मिळत नाही. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे चार दिवसांत तीन पाकिटं. जे पोट आधीच दुखावलेलं आहे, त्याला रोज नवा पाहुणा नको असतो.

उपाय फार साधा होता. कोंबडीचं मांस, हाड-कातडं काढून, बिनमिठाचं, नुसत्या पाण्यात उकडलेलं. दिवसातून चार वेळा, चमचा-चमचा. शेजारी स्वच्छ पाणी. बाकी काही म्हणजे काही नाही.

"मग हेच कायम घालू का?" आम्ही विचारलं. त्या नाही म्हणाल्या. नुसत्या उकडलेल्या मांसावर मांजराचं सगळं भागत नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ असतो. तो मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, खाण्यातूनच मिळावा लागतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं, आणि ते वेळेवर दिलं तर सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी पाकिटातल्या अन्नात ते वाढवलं. म्हणून पोट शांत झालं की पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलेलं, मोठ्या मांजरासाठीचं, एकाच प्रकारच्या मांसाचं अन्न निवडायचं. ते पहिल्या दिवशी चार भागांत एकच भाग मिसळायचं. दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग तीन भाग, आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण. मध्ये पोट बिघडलं तर एक पायरी मागे यायचं. "कोणतं महाग ते बघू नका," त्या म्हणाल्या, "तिला काय सोसतं ते बघा. आणि लिहून ठेवा."

हे सगळं समजलं, पण सर्वांत अवघड काम पुढंच होतं. काकीला दूध आणू नकोस म्हणून सांगायचं कसं?

आमच्या तालुक्यात ख्रिस्ती घरं थोडी. शेजार हाच आमचा आधार. चवथीला तिच्या घरचे मोदक आमच्याकडे येतात, नाताळाला आमच्या नेवऱ्या आणि दोदोल तिच्याकडे जातात. सांगितलं तेव्हा ती वाटी हातात धरून उभीच राहिली. "मांजराक दूद नाय तर काय चाय दिऊ?" म्हणाली आणि परत गेली. दोन दिवस तिने आमच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हीच तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काकी, डॉक्टरांनी रोजचं लिहून ठेवायला सांगितलंय. आमच्या हातून राहून जातं. तू करशील का?" काकीचं कालनिर्णय तिच्या स्वयंपाकघरात टांगलेलं. त्यावर एकादशी आणि गॅसच्या सिलिंडरच्या नोंदींशेजारी चिंगीच्या नोंदी सुरू झाल्या. पोट बरं असलं की बरोबरची खूण, बिघडलं की फुली. पहिल्या आठवड्यात चार फुल्या. दुसऱ्यात एक. जुलैच्या मध्यावर फुल्या थांबल्या. पिण्याच्या पाण्याची वाटी रोज धुऊन भरायचं कामही काकीनेच घेतलं. आपल्या दुधाच्याच वाटीत ती पाणी ठेवायची.

याच दिवसांत आम्ही एका आजोबांकडे महिन्याचं सामान घेऊन गेलो. पिशवीत नेहमीप्रमाणे क्रीमची बिस्किटं, जॅमची बाटली, साखर. त्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडून घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या तोंडून प्रश्न निघाला, "आजोबा, तुम्हांला यातलं काय चालतं?" ते अवघडले. मग हळूच म्हणाले, "साखरेचा आजार आहे. नातवंडं आली की देतो." इतकी वर्षं! त्यांच्या देवघरातल्या क्रुसासमोर बसून आम्ही त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करायचो, आणि पिशवीत साखर ठेवून यायचो.

लूकलिखित शुभवर्तमानात प्रभू येशू विचारतो, मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल? आजवर आम्हांला वाटायचं, आपण तर मासाच देतो, म्हणजे आपलं ठीक आहे. पण त्या दृष्टान्तात मूल आधी मागतं आणि बाप ते ऐकतो. आमच्या देण्यात ऐकणं राहून गेलं होतं. घरात असलेलं, आम्हांला आवडणारं, देताना हात भरलेला दिसणारं, ते आम्ही देत होतो. याइराच्या मुलीला प्रभूने उठवलं, तेव्हा सगळे थक्क होऊन उभे होते. त्या क्षणी तिला भूक लागली असेल हे एकट्या प्रभूच्या लक्षात आलं. तिला खायला द्या, असं त्याने सांगितलं. एवढा मोठा चमत्कार करूनही त्याचं लक्ष त्या पोरीच्या पोटाकडे होतं.

कुणी आम्हांला विचारलंही, "माणसांना औषधाला पैसे नाहीत आणि तुम्ही मांजरीला डॉक्टरकडे नेता?" प्रश्न खोटा नाही. आमच्याजवळ एवढंच उत्तर आहे, की चिंगी आमच्या हाती सोपवलेली होती, आणि तिच्यामुळेच आजोबांची पिशवी बदलली. आता त्यात नाचणीचं पीठ, मूग आणि अंडी असतात. तीही त्यांना विचारूनच.

ऑगस्टमध्ये आजी वॉकर धरून घरी आली. चिंगी तिच्या पायांत घोटाळली, मग खाटेवर चढून बसली. आम्ही तिला सगळं खरं सांगितलं: दूध, खारे बांगडे, तीन पाकिटं, दोन दिवसांचा उपास. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिका दूद सोसनाच. लहानपणापासून. मी उकडलेले पेडवे घालायचे, बिनमिठाचे, काटे काढून. बाकी ती उंदीर धरून भागवायची. माका विचारलास असता तर सांगितलं असतं."

दर आठवड्याला आम्ही तिच्या उशाशी बसत होतो. उत्तर तिथंच होतं.

काकी दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि मग मी इतकी वर्षां देत होते त्या दुदाचा काय झाला?"

आजी जरा गप्प राहिली. "माज्या चायेत," म्हणाली. "तुका वायट वाटला असता."

काकी आधी डोळे वटारून बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून तिची दुधाची वाटी पुन्हा आजीच्या घरी जाऊ लागली, या वेळी आजीच्या नावाने.

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात तुम्ही कुणासाठी काही घेऊन जाणार असाल, तर निघण्याआधी एकदा विचारा, तुम्हांला काय चालतं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

हे दयाळू प्रभू, आमच्या हाती सोपवलेल्या प्रत्येक जिवाची भूक आम्हांला ओळखू दे. आम्हांला देण्याची घाई असते; आम्हांला आधी ऐकायला शिकव. आणि आमच्या चुकीच्या वाढण्याने ज्यांना त्रास झाला, त्यांना तू सावर. आमेन.