उजव्या हाताचें दान

सुगी आटोपली म्हणजे आमच्या वऱ्हाडांतील ख्रिस्तमंदिरांतून कापणीचा सण होतो. ज्वारीचीं कणसें, तुरीच्या शेंगा, कोहळीं, ज्यास जें पिकलें तें तो आणून ठेवितो. नांदगांव पेठेहून आमचे एक सोयरे संत्र्यांची करंडी आणतात. उपासनेनंतर या जिनसांचा लिलाव होतो. एके वर्षीं एका कोहळ्याची बोली चढत चढत पांचशें रुपयांवर गेली. बोली बोलणाऱ्या दोघांही गृहस्थांस कोहळें आवडत नाहीं, हें सर्व मंडळीस ठाऊक होतें! पैसा गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठीं गेला. पुस्तकें आलीं, मुलें शिकलीं. पुस्तकाच्या पानास दात्याच्या हेतूचा वास येत नाहीं.

मग आम्हीं हेतूची झडती कां घ्यावी? प्रभूनें तर डोंगरावरील प्रवचनांत हा विषय मुद्दाम काढिला आहे. चारचौघांनीं वाहवा केली कीं त्या देणाऱ्याचा हिशेब पुरा झाला, पुढें येणें कांहीं उरलें नाहीं, असा त्याचा भाव. मंदिरांतील पंख्याच्या पात्यांवर दात्याचें नांव रंगविण्याची चाल ज्यानें पाडली, त्यानें हें प्रवचन वाचलें नसावें. पंखा फिरूं लागला कीं नांव दिसेनासें होतें, एवढीच काय ती त्यांतली बरी गोष्ट.

याच जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज ख्रिस्ती नव्हते. परंतु त्यांच्या खराट्यावरून आम्हांस या प्रवचनाची जेवढी आठवण होते, तेवढी पुष्कळ उपदेशांनीं होत नाहीं. गांवांत शिरतांच ते रस्ते झाडूं लागत. कोणी पायां पडूं आला तर काठी उगारीत. धर्मशाळा बांधविल्या त्या लोकांसाठीं. आपण चिंध्यांच्या गोधडींत राहिले. १९५६ सालीं ते वारले. स्तुति येण्याच्या वाटेवरच त्यांनीं काठी धरिली होती, असें आम्हांस वाटतें.

पुस्तकास हेतूचा वास येत नसेल, पण माणसास येतो. परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशननें कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन स्थापिलें. रोग्याची जखम धुणें हें काम लांबून होत नाहीं. रस्त्यांत दुरून पैसा फेकणाराही दयाळू असेल. पण तो पैसा ‘घे’ म्हणतो कीं ‘जा’ म्हणतो, हें घेणाऱ्यास तत्काळ कळतें.

हें वर्गांत बोलत असतां एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “गुरुजी, मग मन शुद्ध होईपर्यंत देऊंच नये काय?” आम्हीं म्हटलें, “तोंवर भुकेल्यानें काय खावें? द्यावें. मात्र घेणाऱ्यानें आभार न मानतां तोंड फिरविलें, तर आपणांस किती वेळ झोंबतें, तेवढें पाहून ठेवावें.”

पुढील आठवड्यांत तो आपण होऊन आला. शेजारच्या मुलास त्यानें आपली अर्धी भाकर दिली होती, आणि तो मुलगा मुकाट्यानें खाऊन निघून गेला होता.

“किती वेळ झोंबलें?”

“संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत, गुरुजी. प्रार्थनेंतसुद्धां थोडें.”