आईकडची चोपडी

ऑक्टोबरात कोल्हापूरच्या आमच्या आंब्यावर ‘चि-स्वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज आला, की समजायचं, हिरवट पर्णवटवट्या पोचला. पंखावर एक फिकट पट्टी, बाकी सगळा पानाचा रंग. वजन सात-आठ ग्रॅम, आणि येतो थेट पश्चिम सैबेरियातून!

माझं काम त्याची वंशावळ लावण्याचं. पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या नसतं. म्हणून एवढ्याशा थेंबात डीएनए भरपूर मिळतो.

लहानपणी आमच्याकडे वंशावळ सांगणारा हेळवी यायचा. चोपडी उघडून सात पिढ्या घडाघडा म्हणायचा, पण सगळे पुरुषच. मायटोकाँड्रियाची चोपडी नेमकी उलटी : ती फक्त आईकडून येते. मी वर्षानुवर्षं तीच वाचली, कारण वाचायला सोपी.

पण हे वाचन फसवंही. नियमाप्रमाणे एका नळीत रक्त न घालताच डीएनएच्या प्रती काढणारा पीसीआर लावायचा. ती कोरीच राहायला हवी. एकदा तिच्यातही पट्टी उमटली. माझ्याच हातून कुठंतरी डीएनए मिसळला होता. तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात.

या पक्ष्याची गोष्टही अशीच फसवी, पण देखणी होती. 1938 मध्ये पक्षिशास्त्रज्ञ टाइसहर्स्टनं मांडलं, की हा हिमालयातून तिबेटच्या पठाराच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे पसरला. जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये गाणी आणि जनुकं तपासून दाखवलं, की गाणं दर कोसाला थोडंथोडं बदलत जातं. सैबेरियात दोन्ही टोकं पुन्हा भेटतात तेव्हा एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत. हे वर्तुळ मी फळ्यावर किती हौसेनं काढायचो! तेव्हाही आईकडच्या चोपडीत पश्चिम हिमालयापाशी एक चीर दिसत होती. मी ती हळूच पुसून पुढं जायचो.

2014 मध्ये जनुकसंच सगळीकडून चाळला गेला. वर्तुळ पूर्वी मध्ये मध्ये तुटलेलं निघालं, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या त्या टोकांतही थोडी सरमिसळ झालेली.

आता फळ्यावर ते वर्तुळ काढतो तेव्हा खडू मध्येच उचलतो. मुलं विचारतात, सर, रेघ राहिली का?