तीन मिनिटं

रडारचं बटण दाबलं की तीन मिनिटं थांबावंच लागायचं. मॅग्नेट्रॉनचा कॅथोड तापेपर्यंत पडद्यावर नुसते उलटे आकडे. बाहेर धुकं, कप्तानाची येरझार आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, जणू मीच उशीर लावतोय! रेडिओ ऑफिसरला बोटीवर मार्कोनीसाहेब म्हणत. रडारची दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात.

1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी घडवलेल्या मॅग्नेट्रॉनचीच ही नातवंडं. तांब्याचा ठोकळा, त्यात कोरलेल्या पोकळ्या, बाहेर जबरदस्त चुंबक. काही हजार तासांत थकायची. नवी बसवताना पितळी हत्यारंच घ्यायची. लोखंडी पाना हातातून सुटून चुंबकावर आदळायचा. रत्नागिरीकडचा आमचा सुखाणी आधीच बजावायचा, "साहेब, घड्याळ काढलंत ना?" मग अर्थिंगची काठी टेकवून कपॅसिटर रिकामा करायचा. त्याशिवाय आत हात घालायची माझी छाती नव्हती. चालू रडारचा मॉड्युलेटर बारीक शीळ घालायचा. शीळ बिघडली की पडद्याआधी कानाला कळायचं.

आता एस-बँडच्या नव्या रडारमध्ये ट्रान्झिस्टर. पूर्वीचे 30 किलोवॉट गेले, दोनशेच्या आसपास वॉट उरले. घरातला मिक्सर याहून जास्त खातो! मला आधी पटेचना. युक्ती अशी की एकदम ओरडायचं नाही, लांब मींड घ्यायची. मॅग्नेट्रॉनचा स्पंद मायक्रोसेकंदभराचा; नव्या रडारचा कितीतरी पट लांब, आणि त्यात फ्रिक्वेन्सी सरकत जाते. परत आलेली मींड गणिताने आवळून पुन्हा टोकदार ठिपका करायचा. तापण्यासाठी थांबणं नाही, सारखं ट्यूनिंग नाही, शीळ नाही. कपॅसिटरची धास्ती गेली, हे उत्तमच झालं. जुन्याचे गोडवे मी गाणार नाही.

चुटपुट आहे ती फक्त रेकॉनची. दीपगृहावरचं किंवा बोयावरचं हे यंत्र रडारच्या स्पंदाने जागं होऊन पडद्यावर मोर्सचं अक्षर काढतं. नव्या रडारच्या एवढ्या हळू हाकेला ते दुरून ओ देत नाही. 2008 पासून बसवायच्या एस-बँड रडारने रेकॉनला जागं केलंच पाहिजे, ही अटच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने काढून टाकली.

माझ्या शेवटच्या फेरीत तरुण थर्ड ऑफिसर एस-बँडवर रेकॉन शोधत होता. त्याला शेजारच्या एक्स-बँड रडारकडे नेलं. तिथे अजून मॅग्नेट्रॉनच होता. लांब, आखूड, लांब.

"के," मी म्हणालो.

त्याने नकाशा बघून खात्री करून घेतली.