पकड वॉरंट

न्यायालयाने ठोठावलेला दंड मुदतीत भरला गेला नाही तर सरकार नेमके काय करते, याविषयी नारायण पेठेतील आमच्या वाड्यात जी ठाम मते प्रचलित होती, त्यांतील बहुतेक निराधार होती, हे मामांच्या नावाचे पकड वॉरंट घेऊन पोलीस हवालदार छापखान्याच्या दाराशी येईपर्यंत कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

मामांचा हा छापखाना केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर होता. लग्नपत्रिका व पावतीपुस्तके छापण्यात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांना, कामगारांची नोंदवही अद्ययावत न ठेवल्याबद्दल, 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली 600 रुपये दंड, व तो न दिल्यास 10 दिवसांची साधी कैद, अशी शिक्षा झाली होती. हजर राहण्याचा जातमुचलका लिहून घेऊन दंड दोन हप्त्यांत भरण्याची मुभा मिळाली. निम्मी रक्कम भरलीही गेली. परंतु दुसऱ्या हप्त्याच्या तारखेस मामा रुग्णालयात खाटेवर होते, आणि तारखांची काळजी वकिलांनी वाहायची असते अशी मामींची श्रद्धा होती. ठरल्या दिवशी रक्कम न आल्यास तहकूब ठेवलेली कैद तत्काळ अमलात आणण्याचा अधिकार, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 424 व्या कलमाने, न्यायालयास दिलेला होता. त्याचेच फळ हवालदाराच्या हाती होते.

मामा मात्र शांत होते. "लोकमान्यांना 1908 साली सहा वर्षे हद्दपारी आणि वर हजार रुपये दंड झाला," ते हवालदारास म्हणाले, "आणि इतक्या वर्षांनी, रुपया एवढा घसरल्यावरही, आम्ही सहाशेच! सरकारदरबारी आमची पत काय, ते कळले." हवालदार भला माणूस होता. "आजोबा, सकाळी अकराच्या आत कोर्टात स्वतः हजर व्हा, म्हणजे मला तुम्हांला न्यावे लागणार नाही," एवढे बजावून तो गेला.

त्या रात्री वाड्यात कायद्याचा जो कीस पडला, त्यात एकाने घरातील भांडीकुंडी जप्त होतील असे सांगितले, तर दुसऱ्याने, वर्ष उलटले की दंड आपोआप बुडतो, अशी ग्वाही दिली. पहिल्याचे सर्वस्वी खोटे नव्हते, कारण जंगम मालमत्ता जप्त करून, अथवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे, दंड वसूल करण्याची तरतूद 421 व्या कलमात होतीच. दुसऱ्याचे मात्र भलतेच होते: भारतीय दंड संहितेच्या 70 व्या कलमान्वये ही वसुली सहा वर्षांपर्यंत होऊ शके, आणि अपराध्याच्या मृत्यूनेही त्याची मालमत्ता त्यातून सुटत नसे. निम्मा दंड भरल्याने कैदही त्याच प्रमाणात घटते, म्हणजे मामांच्या वाट्यास पाचच दिवस उरतात, हे 69 व्या कलमातील सांत्वन वकिलांनी सकाळी दिले. मामींना त्याने काडीचाही धीर आला नाही.

शिवाजीनगरच्या न्यायालयात वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, त्यास रुग्णालयाचा दाखला जोडून, दाखल झाला. न्यायाधीशांनी मामांकडे एकवार पाहून रक्कम तत्काळ भरण्यास सांगितले. ती भरून पावती मिळाली, आणि आम्ही घरी निघालो, तोच वकिलांनी थांबवले. पैसे भरल्याने दंड फिटतो, वॉरंट फिटत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालय स्वतः रद्द करीपर्यंत अमलात राहते, आणि रद्द झाल्याची वर्दी पोलीस ठाण्यात पोहोचली नाही, तर दुसरा एखादा हवालदार, पूर्ण कायदेशीरपणे, पुन्हा दाराशी येऊ शकतो. म्हणून हुकूम टपालावर न सोडता हमदस्त मागून घेतला आणि ठाण्यात नेऊन दिला.

या कामी ज्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागेल, त्यांनी दंडाची पावती जपावीच. पण वॉरंट रद्द झाल्याच्या हुकुमावर ठाण्याची पोच घेतल्याखेरीज घरी परतू नये.